रंग झोनचा, रेघ गेजची: होटगीला नेमकं काय बदलतं?

दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. विजयपूरचा (जुन्या विजापूरचा) गोलघुमट बघायला जायचं ठरलं, म्हणून आदल्या रात्री कपाटातला रेल्वेचा जुना नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. पोरानं सोलापूरवर बोट ठेवलं, खाली सरकवलं आणि विजयपूरची लाइन फुटते त्या होटगीला थांबवलं. "मामा, इथं रंग बदलतोय. म्हणजे उतरून दुसरी गाडी पकडायची का?"

चूक त्याची नाही, तो मेट्रोत वाढतोय. तिथं एक मार्गिका जांभळी, एक ॲक्वा. एकीवरून दुसरीवर जायचं तर जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं आणि जमिनीखालून वर यायचं. मेट्रोचा रंग गाडी कुठून कुठं धावते ते सांगतो. आपल्या टेबलावरच्या नकाशातला रंग मात्र झोनचा, म्हणजे रेल्वेच्या कारभारी विभागाचा होता. हा तुकडा कोणाच्या ताब्यात, एवढंच तो सांगतो. सोलापूर मध्य रेल्वेचं, होटगीच्या खालची लाइन हुबळीच्या दक्षिण पश्चिम रेल्वेची. गाडीत बसलेल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. मुंबईहून हैदराबादला जाणारा माणूस वाडी जंक्शनला मध्य रेल्वेतून दक्षिण मध्य रेल्वेत शिरतो, आणि त्याचा चहासुद्धा हिंदकळत नाही.

गाडी बदलायची की नाही, हे विचारायचं ते रेघेला. जुन्या नकाशांत बहुधा ब्रॉडगेजची रेघ जाड, मीटरगेजची बारीक आणि नॅरोगेजची त्याहून बारीक किंवा वेगळ्या खुणेची असते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज १,०००, आणि आपल्या बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेचं ७६२. झोन कागदावर बदलतो. गेज बदललं तर चाक रुळावर बसतच नाही, माणसानं आणि मालानं उतरायलाच हवं.

हे ज्यांना अनुभवानं ठाऊक आहे ते आपले वारकरी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढं एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून मिरज गाठलं. मुंबई-पुण्याकडून आलेला माणूस कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचा, बोचकं डोक्यावर घ्यायचा आणि छोट्या गाडीत जागा शोधायचा. कंपनी १९५४ ला सरकारनं घेतली. त्यानंतर मोठी लाइन आणि छोटी लाइन दोन्ही सरकारी रेल्वेच्याच, तरी बोचकं काही डोक्यावरून उतरलं नाही. मालक एक झाले म्हणून रूळ थोडेच रुंद होतात? ते २००० नंतर टप्प्याटप्प्यानं झाले, आणि तेव्हा कुठं नकाशातली बारीक रेघ जाड झाली.

आता उलटी गोष्ट बघा. दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ ला स्थापन झाली आणि सोलापूर डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे झोनचा एक भाग) मध्य रेल्वेतून काढून तिला जोडलं. बरोबर अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ ला, ते परत मध्य रेल्वेत आलं. म्हणजे झोनच्या नकाशात सोलापूरनं दोनदा रंग पालटला आणि मेन लाइनच्या रुळांमधलं अंतर मिलिमीटरभरही हललं नाही.

होटगीच्या खालच्या लाइनीनं मात्र दोन्ही सोसलं. ती गदगकडं जाणारी मीटरगेज, तिची ब्रॉडगेज झाली. आणि हुबळी डिव्हिजन दक्षिण मध्य रेल्वेतून नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेलं, १ एप्रिल २००३ ला. भाच्याला म्हटलं, मीटरगेजच्या काळात तू पुण्याहून थेट विजापूरला निघाला असतास, तर तुला गाडी बदलावी लागली असती. पण होटगीला नाही, इथं सोलापुरातच, कारण छोटी गाडी सोलापूरपर्यंत यायची. होटगीच्या रंगाचा त्याच्याशी तेव्हाही संबंध नव्हता.

मग झोनचा रंग बिनकामाचा का? तसं नाही. इंडी रोडच्या फलाटावर नळाला पाणी नाही म्हणून सोलापूरच्या डीआरएम (डिव्हिजनचा मुख्य अधिकारी) ऑफिसात अर्ज दिलात, तर तो हुबळीकडंच धाडावा लागणार. तक्रार, कंत्राट, पार्सलचा घोळ, यासाठी रंग बघावा. फक्त तो राज्याचा समजू नये. दुधनी मागं पडली की कर्नाटक लागतं, तरी कलबुर्गी सोलापूर डिव्हिजनमध्येच आहे, मध्य रेल्वेच्याच रंगात.

नकाशा कोणाचा आहे हेही बघायचं. सर्वेक्षण खात्याच्या स्थलदर्शक नकाशात रस्ते लाल, पाणी निळं आणि रेल्वे सगळी काळी. तिथं झोन शोधून सापडणार नाही. शाळेत भूगोलाचे सर कोपऱ्यातली सूची आधी वाचायला लावायचे, ते आपण एक मार्कापुरतं करायचो.

दुसऱ्या दिवशी होटगी सुटली तसा भाचा खिडकीला नाक लावून बसला. गाडी इंडी रोडला थांबली. पाटीवर कन्नड अक्षरं दिसली आणि तो ओरडला, "मामा, बघ, बदलला झोन!"

"तो मघाशीच बदलला रे. हे राज्य बदललं."