काचेच्या घोड्यावरची सही : स्कँडिनेव्हियन काचशिल्पांची ओळख

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांत विसाव्या शतकात घडवलेल्या काचेच्या घोड्यांच्या तळाशी किंवा कडेला पुष्कळदा काही अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. त्यांवरून कारखाना, रचनाकार आणि काळ ठरवता येतो. फिनलंड भूगोलाने स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण काचेच्या बाजाराने त्यालाही याच रांगेत बसवले आहे.

घोडा हातात आला की पहिला अंदाज बहुतेक जण स्वीडनचा बांधतात, आणि त्याला कारण आहे. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात भट्ट्यांसाठी जंगलाचे लाकूड मुबलक होते, त्यामुळे तिथे काचकारखाने दाटीने उभे राहिले. या पट्ट्याला स्वीडिश लोक ‘काचेचे राज्य’ म्हणतात. कोस्टा हा तिथला जुना कारखाना १७४२ चा. कॉस्कुल आणि स्टाएल या संस्थापकांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले. ओरेफोर्स या तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात काच १८९८ पासून निघू लागली. शिवाय घोडा हे स्वीडनचे आवडते चिन्हच. डालार्ना प्रांतातला रंगीत लाकडी घोडा १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानंतर जगभर पोचला, आणि त्याच ठेंगण्या घाटाचे काचेचे घोडेही भेटवस्तू म्हणून निघाले.

सही वाचणे हे निम्मे काम. हिऱ्याच्या टोकाने ओरखडलेली सही केसासारखी बारीक असते आणि स्वच्छ काचेत ती दिसतच नाही. तळावर तोंडाची वाफ सोडावी, खाली काळा कागद धरावा आणि टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाकावा. मग दहापटीच्या भिंगाखाली अक्षरे उठून दिसतात. घोडा उभा ठेवून वरून, काचेतून पाहिले तर तीच अक्षरे उलटी दिसतात, आणि अशा उलट्या वाचनातून बाजारात बरीच अस्तित्वात नसलेली नावे जन्माला आली आहेत!

देश ओळखायला एखादे अक्षरही पुरते. ‘ओ’वर दोन टिंबे असतील तर स्वीडन किंवा फिनलंड, त्याच ‘ओ’वर तिरपी रेघ मारलेली असेल तर डेन्मार्क किंवा नॉर्वे. ‘ए’च्या डोक्यावरचे कडे मात्र स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क तिघांकडेही सापडते. हे कडे झिजले की याच ‘ए’ने लिहिली जाणारी मोलेरोस आणि ओफोर्स ही स्वीडनमधली काचेची गावे ओळखू येत नाहीत. ‘ग्लासब्रुक’ म्हणजे काचकारखाना आणि ‘कोन्स्टग्लास’ म्हणजे कलाकाच. हे शब्द कोणा कलावंताचे आडनाव समजून शोधत बसू नये.

सर्वांत जास्त घोटाळा आकड्यांचा होतो. ओरेफोर्सच्या तुकड्यावर कारखान्याचे नाव, मग रचनाकाराची खूण (लिंडस्ट्रांडचा एल, पाल्मक्विस्टचा पी, निल्स लांडबर्गचा एन) आणि पुढे क्रमांक येतो. हा क्रमांक बहुधा नमुन्याचा असतो, सालाचा नव्हे. यातलाच विके लिंडस्ट्रांड पुढे १९५० ते १९७३ या काळात कोस्टात होता आणि तिथे त्याच्या तुकड्यांवर ‘एलएच’सारखी दोन अक्षरांची खूण येते. म्हणजे माणूस तोच, पण कारखाना बदलला की खूणही बदलते, आणि काळ ठरवायला तो बदल फार उपयोगी पडतो. बोडा कारखान्यात एरिक हेग्लुंडने १९५३ ते १९७३ या काळात जाड, बुडबुड्यांनी भरलेली काच केली. तिच्यावर ‘एच’ आणि क्रमांक एवढेच असते. सहीत ‘कोस्टा बोडा’ असे जोडनाव असेल तर तो तुकडा पन्नाशीच्या दशकातला असू शकत नाही, कारण तेव्हा हे दोन कारखाने वेगळे होते. याउलट फ्लिग्सफोर्स या कारखान्याचे तुकडे पाहा. तिथे रचनाकार पॉल केडेल्व्हच्या ‘कोकिय’ मालिकेवर नावाशेजारी दोन आकडी सालच घातलेले असते. घोड्याचे डोके स्फटिकाच्या (म्हणजे शिसे मिसळलेल्या काचेच्या) सपाट ठोकळ्यात पाठीमागून उठवलेले दिसले, तर आधी मोलेरोसच्या मॅट्स योनासनचा विचार करावा. त्याच्या प्राणिमालिकांवर नाव, ‘स्वीडन’ आणि क्रमांक कोरलेला असतो.

कोरलेले प्रत्येक नाव मात्र कारागिराचे नसते. आपल्याकडे पितळेच्या डब्यावर टिचक्यांनी घातलेले नाव कासाराचे नसून आत्याला डबा देणाऱ्या मामांचे असते, तसेच इथेही होते. शर्यतीचे बक्षीस, निवृत्तीची भेट किंवा पन्नाशीचा वाढदिवस असेल तर दुकानातून विकत घेतलेल्या घोड्यावर नाव आणि तारीख नंतर कोरून घेतली जाई. अशी अक्षरे सहसा दर्शनी भागावर, चाकाने सुबक कोरलेली असतात. कारखान्याची सही तळाशी, घाईच्या हाताची.

सही पटली तरी काच तपासावी. उधळलेला, पाय ओढून काढलेला घोडा ही इटलीतल्या व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांची जुनी करामत आहे. गरम गोळ्यातून चिमट्याने ओढून तो मिनिटभरात उभा करतात, आणि पायांवर चिमट्याचे दाब राहतात. अशा घोड्यावर स्वीडिश नाव दिसले तर लगेच हसू नये, कारण मुरानोहून आलेले मार्कोलिन कुटुंब स्वीडनमधल्या रॉन्नेबी गावात काच करत होते.

काच शिशाची आहे की साधी, हे घरच्या काट्यावरही कळते. घोडा आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावा. हवेत ६०० ग्रॅम आणि पाण्यात ४०० भरला, तर फरक २०० ग्रॅमचा. ६०० भागिले २०० म्हणजे घनता ३. शिशाच्या स्फटिकाची घनता साधारण इतकीच असते, तर साध्या काचेची २.५ च्या आसपास. तळाशी स्फटिकासाठी नावाजलेल्या कारखान्याचे नाव आणि घनता मात्र २.५, असे निघाले तर सही पुन्हा पाहावी.

खोटी सही ओळखायची खूण झिजेत असते. घोडा वर्षानुवर्षे फडताळात सरकवला गेला की तळावर बारीक ओरखड्यांचे जाळे होते. जुनी सही त्या जाळ्याखाली दबलेली असते, म्हणजे ओरखडे अक्षरांवरून जातात. नंतर घातलेली सही ओरखडे कापत जाते, आणि तिच्या कडा भिंगाखाली पांढऱ्या, तीक्ष्ण दिसतात.

बऱ्याच घोड्यांवर सही कधी नव्हतीच. अनेक कारखाने किरकोळ प्राणी फक्त कागदी लेबल चिकटवून विकत, आणि पहिल्याच धुण्यात लेबल जाई. अशा वेळी नोंदीत ‘स्वीडन, बहुधा स्मोलांड, कारखाना अनिश्चित’ एवढेच लिहितात. जाणकार लिलावगृहांच्या याद्यांतही हेच शब्द आढळतात.