विरल मृत्तिकायुक्त प्रकाशीय काच

लँथॅनम, सिरियम, निओडिमियम, एर्बियम इ. विरल मृत्तिका मूलद्रव्यांची ऑक्साइडे मिसळून केलेली खास काच. भिंगे, लेसर, प्रारणरोधक खिडक्या व प्रकाशीय तंतू यांसाठी ती वापरतात.

भिंगाच्या काचेला जास्त अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) आणि कमी अपस्करण (रंगांची फाकणी) हवे असते. अपस्करण एबे अंकाने सांगतात. अंक मोठा तितके रंग कमी फाकतात. नेहमीच्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचा अपवर्तनांक सु. १.५१७ व एबे अंक ६४ असतो. शिसे घालून अपवर्तनांक १.८ पर्यंत नेला की एबे अंक २५ च्या आसपास घसरतो. लँथॅनम क्राउन काचेत मात्र १.६९ अपवर्तनांकालाही तो ५४ च्या वर राहतो. त्रिभारित लँथॅनम आयन आपल्याभोवती ऑक्सिजन दाटीने बांधतो, म्हणून अपवर्तनांक वाढतो. पण या काचेचे शोषण दूरच्या जंबुपार (अतिनील) पट्ट्यात सुरू होते. शिशामुळे ते दृश्य प्रकाशाच्या जवळ सरकते आणि निळा किरण प्रमाणाबाहेर वळतो.

या काचेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही जण सुरुवात जर्मनीतील येना येथे ओटो शॉट व एर्न्स्ट एबे यांनी १८८० च्या दशकात केलेल्या बेरियम काचांपासून धरतात. पण त्यांत विरल मृत्तिका नव्हत्या. वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतील जॉर्ज मोरी यांना विरल मृत्तिकायुक्त काचेचे पेटंट १९३९ मध्ये मिळाले. त्यांचे प्रयोग अर्थातच त्याआधीचे, बहुधा १९३० च्या दशकातले. सिलिकेटात लँथॅनम पुरेसे सामावत नाही, म्हणून त्यांनी बोरेटाची (बोरॉन ऑक्साइडावर आधारित काचेची) निवड केली. उत्पादन ईस्टमन कोडॅकने केल्यामुळे काही लेखक श्रेय कंपनीला देतात. कल्पना मोरी यांची आणि ती भट्टीत उतरवली कोडॅकने, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ही दुसरी कामगिरीही कमी मोलाची नाही. वितळलेले बोरेट मातीची मूस खाते, त्यामुळे प्लॅटिनमच्या मुशी लागल्या. थंड करताना जरा चूक झाली तरी काचेत स्फटिक धरतात. शिवाय लँथॅनममध्ये प्रासिओडिमियम किंवा निओडिमियमचा अंश राहिला तर रंग चढतो. आयन विनिमयाने (द्रावणातील आयनांची राळेवर अदलाबदल करून) ही मूलद्रव्ये वेगळी करणे दुसऱ्या महायुद्धानंतर सुकर झाले.

आरंभीच्या काचांत थोरियमही असे. त्याच्या किरणोत्सर्गाने काच आतून पिवळते. मुंबईत बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुने भिंग पांढऱ्या कागदावर धरून पाहिले तर कोऱ्या चहासारखी झाक दिसू शकते. जंबुपार प्रकाशात काही काळ ठेवल्यास ती बरीच उतरते. लँथॅनम बोरेट काचेचा आम्लरोधही बेताचाच. दमट हवेत भिंगावर बुरशी आली आणि तिच्या आम्लाने पृष्ठभाग खाल्ला, तर पुसून डाग जात नाही. पावसाळ्यात अशी भिंगे कोरडी ठेवावीत.

सिरियमचे काम वेगळे आहे. गॅमा किरणांनी मोकळे झालेले इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागा ते पकडते आणि काच तपकिरी होऊ देत नाही, म्हणून किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याच्या कोठड्यांच्या खिडक्यांत ते घालतात. निओडिमियमची काच दिवसाउजेडी जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. निओडिमियम व प्रासिओडिमियम मिळून बनलेली डिडिमियम काच सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश शोषते, त्यामुळे काच फुंकणाऱ्या कारागिराला ज्योतीतला झगमगाट टळून तापलेली काच नीट दिसते. एलायस स्निट्झर यांनी १९६१ मध्ये निओडिमियम काचेचा लेसर केला.

भारतात विरल मृत्तिका प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत आढळणाऱ्या मोनाझाइट या खनिजापासून मिळतात. इंडियन रेअर अर्थ्स (आता आयआरईएल) ही कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. मोनाझाइटवरील प्रक्रिया मात्र केरळात अलुवा येथे १९५२ मध्ये सुरू झाली. प्रकाशीय काचेचे संशोधन मुख्यतः कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत झाले.

एर्बियमयुक्त तंतू सु. १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश जागच्या जागी वर्धित करतो. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या सागरी केबलींत असे वर्धक ठराविक अंतरांवर बसवलेले असतात.