लांडग्याला आवतण कोणी दिले? चिनी पडद्यावरच्या हॉलिवूडची पार्श्वभूमी

चिनी पडद्यावरचे हॉलिवूड म्हणजे वसाहतवाद, आजच्या भाषेत नववसाहतवाद, असा आरोप केला जातो. तो कितपत खरा? शांघायच्या ग्रँड थिएटरमध्ये १९३० साली अमेरिकी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडचा 'वेलकम डेंजर' चालू असताना चिनी नाटककार हुंग शन उभे राहिले आणि हा चित्रपट आपली बेअब्रू करतो, असे त्यांनी प्रेक्षकांना भर थिएटरात सुनावले. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधले चिनी त्यात अफूचा चोरटा व्यापार करणारे दाखवले होते. शहराच्या परक्यांच्या ताब्यातल्या वसाहतीच्या पोलिसांनी हुंग यांनाच ताब्यात घेतले. पुढे नानकिंगमधल्या चिनी सरकारने चित्रपटावर बंदी घातली आणि लॉइडला माफी मागावी लागली. (हुंग स्वतः अमेरिकेत शिकलेले, हेही विसरायला नको.) पडद्यावर हॉलिवूड आणि रस्त्यावर परक्यांचे पोलीस, अशा त्या शहरात 'वसाहतवाद' हा आरोप शब्दशः खरा होता.

१९५०मध्ये चीन कोरियन युद्धात उतरला आणि अमेरिकी चित्रपट हटले. त्यांची जागा सोव्हिएत चित्रपटांनी घेतली. त्यांना मात्र कोणी आक्रमण म्हटले नाही. राज कपूरचा 'आवारा'ही त्याच दशकात तिथे पोहोचला.

कलाटणी मिळाली १९९४ला. चिनी थिएटरे ओस पडू लागली होती. मग वर्षाला १० परदेशी चित्रपट उत्पन्नाच्या वाटणीवर आणायचे ठरले आणि नोव्हेंबरात हॉलिवूडचा 'द फ्युजिटिव्ह' लागला. 'लांडगा आला', अशी हाकाटी तिथल्या चित्रपटसृष्टीत झाली. हाक खोटी नव्हती, पण आवतण सरकारी आयात कंपनीचेच होते. १९९८मध्ये तर 'टायटॅनिक'चे कौतुक खुद्द अध्यक्ष जिआंग झेमिन यांनी केले. पुढच्याच वर्षी बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर अमेरिकेचे बॉम्ब पडले आणि अमेरिकी चित्रपट काही महिने बंद झाले.

चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरताना अशा चित्रपटांचा वार्षिक कोटा २० झाला. अमेरिकेने तिथे तक्रार नेल्यावर २०१२च्या समझोत्यात तो ३४वर गेला आणि तिकिटांच्या उत्पन्नातला परदेशी स्टुडिओंचा वाटा १३ टक्क्यांवरून २५ टक्के झाला. दबाव होताच, पण किल्ली बीजिंगकडेच राहिली. त्यामुळे आजच्या चीनबाबत 'नववसाहतवाद' हे लेबल मला अर्धेच पटते. चीनची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून हॉलिवूडनेच २०१२च्या 'रेड डॉन'मधले चिनी आक्रमक चित्रीकरणानंतर उत्तर कोरियाचे करून टाकले. याला कोणाची वसाहत म्हणायचे?

खरी सल वेगळीच होती, आणि ती २००८मध्ये हॉलिवूडच्या 'कुंग फू पांडा' या ॲनिमेशनपटाने उघडी केली. चिनी कलावंत झाओ बांदी यांनी बहिष्काराची हाक दिली, पण थिएटरे भरली. पांडा आपला, कुंग फू आपले, मग असा चित्रपट आपल्याला का जमला नाही, हा प्रश्न चिनी वृत्तपत्रांत आणि इंटरनेटवर कितीतरी दिवस घोळत राहिला. २०२५मध्ये 'नेझा २' या चिनी ॲनिमेशनपटाने १५ अब्ज युआनांहून अधिक गल्ला जमवला. त्याच एप्रिलमध्ये, ट्रम्प यांच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून, अमेरिकी चित्रपट 'माफक प्रमाणात' कमी करत असल्याचे बीजिंगने जाहीर केले.