कार्बन फायबर भट्टीत घालून मजबूत होते का?
पोलादाला पाणी द्यावे तसा कार्बन फायबरचा तयार भाग पुन्हा तापवला की त्याची ताकद वाढते, हा सोलापुरातील वर्कशॉपांत व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. कार्बनचे तंतू तयार होतानाच १००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानातून गेलेले असतात. १२० अंशांच्या ओव्हनने त्यांच्यात काहीच बदलत नाही, आणि तंतूंच्या दिशेने येणारा ताण मुख्यतः तेच पेलत असल्याने ती ताकद जवळपास तेवढीच राहते.

बदलते ते तंतूंना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन. उष्णतेने त्याच्या रेणूंमधील अपुरे राहिलेले जोड पूर्ण होतात आणि ज्या तापमानाला ते मऊ पडू लागते, ती मर्यादा वर सरकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही बाब मुळीच गौण नाही, कारण खोलीच्या तापमानाला घट्ट केलेली अनेक रेझिने ५०-६० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात, मे महिन्याच्या उन्हात काळा भाग तेवढा सहज तापतो, आणि मग दाबाखाली तंतूंना आधार उरत नाही. म्हणून वाटेल तितके तापवावे असेही नाही (तो मोह अनेकांना होतो): अतिउष्णतेने रेझिनच ठिसूळ होऊन विघटित होऊ लागते. तापमान, वेळ आणि तापवण्याचा वेग रेझिनच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यानुसारच ठेवावा.