बायर्न म्युनिकचा दुसरा संघ

जर्मनीतील एफसी बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबचा राखीव संघ. २००५ पर्यंत त्याचे नाव ‘बायर्न म्युनिक अमाटॉयरे’, म्हणजे ‘हौशी खेळाडूंचा संघ’, असे होते. त्यानंतर क्लबच्या नावापुढे रोमन दोनचा आकडा लावण्याची पद्धत आली. म्युनिकमध्ये मात्र लोक त्याला आजही ‘छोटे बायर्न’ म्हणतात. क्लबच्या युवा संघांतून वर आलेल्या मुलांनी मोठ्या, अनुभवी माणसांविरुद्ध खरे सामने खेळावेत आणि पहिल्या संघाच्या तोडीचे व्हावे, यासाठी हा संघ चालवला जातो. त्यामुळे एखादा खेळाडू इथे फार चमकू लागला की तो इथे राहत नाही. दरवर्षी आपली उत्तम माणसे देऊन टाकायची आणि तरीही सामने जिंकायचे, ही कसरत हा संघ कित्येक दशके करत आला आहे.

जर्मनीत राखीव संघ क्रिकेटमधल्या ‘अ’ संघासारखे अधूनमधून जमत नाहीत. ते गावोगावच्या स्वतंत्र क्लबांबरोबर त्याच साखळीत, त्याच गुणतक्त्यात खेळतात. त्यांना बढती मिळते आणि त्यांची घसरणही होते. मात्र त्यांच्या डोक्यावर एक छत आहे. राखीव संघाला तिसऱ्या श्रेणीच्या वर जाता येत नाही. एकाच क्लबचे दोन संघ व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींत, म्हणजे बुंडेसलिगा आणि दुसरी बुंडेसलिगा यांत असू नयेत, हा त्यामागचा विचार. वयाचेही बंधन आहे: २३ वर्षांहून मोठे तीनच खेळाडू एका वेळी मैदानावर चालतात. ज्या लहान क्लबांना प्रेक्षकांच्या तिकिटांवर आणि बढतीच्या आशेवर जगायचे असते, त्यांना हे संघ डोळ्यांत खुपतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पाहुण्या राखीव संघाबरोबर फारसे चाहते येत नाहीत. शिवाय एखाद्या शनिवारी पहिल्या संघातून चार जण खाली उतरवले, तर समोरच्याला तयारी कोणत्या संघाविरुद्ध करावी हेच कळत नाही.

पूर्वी राखीव संघांना जर्मन चषकाच्या बाद फेऱ्यांतही जागा मिळे. या काळातली सर्वांत मोठी मजल बायर्नची नव्हे, बर्लिनच्या हेर्था क्लबच्या हौशी संघाची. १९९२-९३ च्या मोसमात या पोरांनी आदल्या वर्षीचा चषकविजेता हॅनोव्हर ९६ आणि बुंडेसलिगातला न्यूरेनबर्ग यांना हरवले आणि थेट अंतिम फेरी गाठली. १२ जून १९९३ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, म्हणजे स्वतःच्याच शहरात, ते बायर लेव्हरकुसेनविरुद्ध ०-१ ने हरले. तो एकमेव गोल उल्फ किर्स्टेनचा. तिसऱ्या श्रेणीतल्या संघाच्या विशीतल्या मुलांनी लेव्हरकुसेनला तासभराहून अधिक काळ गोल करू दिला नाही. जर्मन चषकाच्या इतिहासात इतका निर्मळ आनंद देणारे प्रसंग थोडेच असतील. २००८ पासून राखीव संघांना चषकात प्रवेशच बंद झाला, त्यामुळे तो प्रसंग आता पुन्हा घडणार नाही.

सुरुवातीची वर्षे

क्लबची स्थापना १९०० ची. दुसऱ्या संघाला मात्र स्वतःची ओळख मिळायला बराच काळ गेला. १९५० पासून जर्मनीत हौशी संघांचे राष्ट्रीय अजिंक्यपद खेळले जाई आणि व्यावसायिक क्लबांचे राखीव संघही त्यात उतरत. बायर्नचे हौशी १९८३ आणि १९८७ अशा दोन वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा हरले. १९९४ मध्ये देशातील तिसरी श्रेणी म्हणून रेगिओनाललिगा नव्याने सुरू झाली. बायर्नचा संघ तिच्या दक्षिण गटात पहिल्या दिवसापासून होता आणि पुढची चौदा वर्षे तो तिथून हलला नाही.

गेरलांड आणि गेर्ड म्युलर

या संघाचा इतिहास सांगायचा तर हेर्मान गेरलांड यांच्यापाशी थांबावेच लागते. १९५४ साली बोखुममध्ये जन्मलेले, तिथल्याच क्लबसाठी बचावपटू म्हणून खेळलेले हे गृहस्थ ‘टायगर’ या नावाने ओळखले जातात. १९९० ते १९९५ आणि पुन्हा २००१ ते २००९ या काळात ते दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक होते. शिस्तीचे कडक, बोलायला फटकळ. पण मुलाची पारख करण्यात आणि क्लबच्या वरिष्ठांपुढे त्याची बाजू लावून धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांच्यासोबत सहायक म्हणून वर्षानुवर्षे उभा असलेला माणूस होता गेर्ड म्युलर. बुंडेसलिगात ४२७ सामन्यांत ३६५ गोल करणारा, १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा तोच म्युलर. खेळ संपल्यावर तो दारूच्या आहारी गेला होता. १९९१ मध्ये उली हॉनेस आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनी त्याला उपचार घ्यायला लावले आणि त्यानंतर क्लबमध्ये काम दिले. पुढची दोन दशके त्याने दुसऱ्या संघाच्या मुलांना गोलपुढची जागा ओळखायला शिकवण्यात घालवली. कॅमेरे पहिल्या संघाकडे वळलेले असत आणि जर्मनीचा सर्वांत थोर गोलमार बाजूच्या मैदानावर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना चेंडू टाकत असे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी त्याचे निधन झाले.

या दोघांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे वाचली की जर्मन फुटबॉलचा एक अख्खा कालखंड समोर येतो. फिलिप लाम आणि बास्टियन श्वाइनश्टायगर दुसऱ्या संघातून वर गेले आणि पहिल्या संघासाठी एकाच सामन्यात प्रथम उतरले: १३ नोव्हेंबर २००२, चॅम्पियन्स लीग, प्रतिस्पर्धी फ्रान्सचा लान्स. लाम अंगाने लहानखुरा, आणि पहिल्या संघात त्याच्यासाठी जागाही नव्हती. २००३ मध्ये तो दोन वर्षांसाठी श्टुटगार्टकडे उसना गेला आणि राष्ट्रीय संघाचा खेळाडू होऊन परतला. तो नसतानाच, २००३-०४ मध्ये, छोट्या बायर्नने रेगिओनाललिगाचा दक्षिण गट जिंकला. झ्वेझ्दान मिसिमोविच, पाओलो गेरेरो, पिओत्र त्रोखोव्स्की अशी मंडळी त्या संघात होती. वरच्या श्रेणीत मात्र त्यांच्या मागचे झारब्रुकेन आणि एरफुर्ट गेले. छताचा अर्थ या संघाला तेव्हा पहिल्यांदा पुरता कळला.

२००८ मध्ये देशपातळीवरची एकच तिसरी लिगा सुरू झाली. तिच्या पहिल्या वीस संघांत राखीव संघ तीन होते: बायर्न, श्टुटगार्ट आणि वेर्डर ब्रेमेन यांचे. त्या पहिल्या मोसमात थोमास म्युलर नावाचा एक काटकुळा मुलगा बायर्नसाठी ३२ सामन्यांत १५ गोल करून गेला. पुढच्या उन्हाळ्यात लुई व्हान गाल मुख्य प्रशिक्षक झाले, गेरलांड त्यांचे सहायक झाले आणि म्युलर व होल्गर बाडश्टुबर हे दोघे तिसऱ्या लिगातून उचलून थेट पहिल्या संघात नेले गेले. वर्षभरात म्युलर विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान घेऊन आला. ऑस्ट्रियाचा डाव्हिड आलाबाही याच वाटेने वर गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये पहिल्या संघासाठी उतरला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

१३ जुलै २०१४ रोजी रिओमध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हा सुरुवातीच्या अकरा जणांत लाम, श्वाइनश्टायगर, म्युलर, माट्स हुमेल्स आणि टोनी क्रोस होते. पाचही जण कधी ना कधी बायर्नच्या दुसऱ्या संघातून खेळलेले. क्रोस रोस्टॉकमधून आला होता आणि छोट्या बायर्नमध्ये फार रमला नाही, हुमेल्सला डॉर्टमुंडला गेल्यावरच खरी संधी मिळाली, हे खरे. पण तिसऱ्या श्रेणीतले टक्केटोणपे त्यांनी इथेच खाल्ले.

घसरण आणि कोलोनचा तो शेवटचा क्षण

इतकी माणसे वर गेल्यावर खाली पोकळी राहणारच. २०१०-११ मध्ये संघ तिसऱ्या लिगात तळाला राहिला आणि चौथ्या श्रेणीत गेला. तिथून परतायला आठ वर्षे लागली. कारण चौथी श्रेणी पुढे पाच प्रादेशिक गटांत विभागली गेली आणि गट जिंकूनही बढती मिळेलच असे राहिले नाही. दुसऱ्या गटाच्या विजेत्याशी दोन सामने खेळावे लागत.

२०१३-१४ मध्ये एरिक टेन हाग यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने बायर्न (बव्हेरिया) प्रांताचा गट जिंकला. पुढे आयाक्स आणि मँचेस्टर युनायटेडमुळे जगाला ठाऊक झालेले हेच टेन हाग. त्या वर्षी पहिल्या संघाची सूत्रे पेप ग्वार्दिओलांकडे होती. बढतीच्या लढतीत फोर्टुना कोलोनकडून पहिला सामना ०-१ ने गेला. परतीच्या सामन्यात बायर्न २-० ने पुढे होते आणि घड्याळ भरपाई वेळेत शिरले होते. तेव्हा गोलरक्षकाची चूक झाली, कोलोनने एक गोल केला, आणि परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन देणाऱ्या तेव्हाच्या नियमाने बढती कोलोनला मिळाली. एका चुकीपायी आणखी पाच वर्षे.

याच सुमारास राखीव संघ हवेतच का, हा प्रश्न जर्मनीत ऐरणीवर आला. वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांवर असा संघ ठेवण्याची सक्ती होती, ती २०१४ मध्ये उठली. लेव्हरकुसेन आणि फ्रांकफुर्ट यांनी लगेच आपापले संघ मोडले. पुढे लाइपझिगनेही तेच केले. बायर्नने संघ ठेवला, इतकेच नव्हे तर २०१७ मध्ये शहराच्या उत्तरेला सुमारे ७ कोटी युरो खर्चून युवा खेळाडूंसाठी मोठे संकुल उभारले. फ्रांकफुर्टने २०२२ मध्ये आपला दुसरा संघ पुन्हा उभा केला, यावरून कोणाचे चुकले होते ते दिसते.

दार नसलेले विजेतेपद

२०१९ च्या मे महिन्यात होल्गर झाइट्स यांच्या संघाने वोल्फ्सबुर्गच्या राखीव संघाकडून पहिला सामना १-३ ने गमावला, परतीचा ४-१ ने जिंकला आणि तिसरी लिगा पुन्हा गाठली. प्रशिक्षक म्हणून आले सेबास्टियान हॉनेस, उली हॉनेस यांचे पुतणे. हिवाळी सुट्टीपर्यंत संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात चाचपडत होता. अंगी वेग होता, पण बचाव भुसभुशीत. मग निकाल फिरले. मार्चमध्ये कोरोनामुळे खेळ थांबला, ३० मे रोजी रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाला, आणि तीन-तीन दिवसांनी येणाऱ्या सामन्यांत ही तरुण पोरे दमली नाहीत. क्वासी ऑक्येरे व्रीट याने २४ गोल करून लिगात पहिला क्रमांक मिळवला. मधल्या फळीत आंगेलो श्टिलर होता, मागे अमेरिकेचा ख्रिस रिचर्ड्स, आणि पंजाबी आईवडिलांच्या पोटी न्यूझीलंडमध्ये जन्मलेला सरप्रीत सिंग, जो त्याच मोसमात डिसेंबरमध्ये पहिल्या संघाकडूनही बुंडेसलिगात उतरला. सतरा वर्षांचा जमाल मुसियाला जूनच्या सुरुवातीला छोट्या बायर्नसाठी प्रथम खेळला आणि २० जूनला बुंडेसलिगात. या दोन सामन्यांत तीन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

४ जुलै २०२० रोजी बायर्न ६५ गुणांसह विजेते ठरले. वुर्झबुर्ग आणि ब्राउनश्वाइग यांचे प्रत्येकी ६४, इंगोलश्टाटचे ६३. तिसरी लिगा जिंकणारा हा पहिला राखीव संघ. छत जागच्या जागी होते, म्हणून दुसऱ्या बुंडेसलिगात वुर्झबुर्ग आणि ब्राउनश्वाइग गेले आणि बढतीच्या लढतीची जागा चौथ्या क्रमांकावरच्या इंगोलश्टाटला मिळाली. त्याच दिवशी संध्याकाळी बर्लिनमध्ये पहिल्या संघाने लेव्हरकुसेनला ४-२ ने हरवून जर्मन चषक उचलला. त्याच्या बाकावर सहायक म्हणून गेरलांड होते.

मग जे व्हायचे तेच झाले. हॉनेस होफेनहाइमला गेले, व्रीट नेदरलँड्सला गेला, मुसियाला वर गेला. २०२०-२१ मध्ये हाच संघ, म्हणजे हेच नाव असलेला जवळपास निराळाच संघ, पुन्हा चौथ्या श्रेणीत उतरला. विजेतेपदानंतर लगेच घसरण झालेल्या संघाला एरवी अपयशी म्हटले असते; इथे तो शब्द लागू पडत नाही. श्टिलर पुढे हॉनेस यांच्या मागोमाग होफेनहाइमला, मग श्टुटगार्टला गेला आणि २०२४ मध्ये जर्मनीकडून खेळला.

मैदान

संघाचे घरचे सामने गीझिंग भागातल्या ग्र्युनवाल्डर रस्त्यावरील महापालिकेच्या स्टेडियममध्ये होत आले आहेत. १९११ सालचे, वस्तीच्या मधोमध असलेले, सुमारे १५,००० प्रेक्षकांचे हे जुने मैदान. १९२५ ते १९७२ या काळात बायर्नचा पहिला संघही इथेच खेळे. पण गीझिंगचे मन ‘१८६०’ या दुसऱ्या म्युनिककर क्लबवर जडलेले आहे. २०१७ मध्ये १८६० आर्थिक अडचणींमुळे थेट चौथ्या श्रेणीत कोसळला, आणि एकेकाळचा जर्मन विजेता क्लब शेजाऱ्याच्या राखीव संघाशी गुणांसाठी झुंजू लागला. मैदान दोघांचेही घरचे, गर्दी मात्र जवळपास सगळी १८६० च्या निळ्या रंगाची. अशा गर्जनेत खेळलेल्या एकोणिसाव्या वर्षाच्या मुलाला पुढे डॉर्टमुंडच्या स्टेडियमची भीती वाटत नसेल.

२०२१ नंतर

अर्जेंटिनाचे माजी बचावपटू मार्टिन डेमिचेलिस यांनी काही काळ संघ सांभाळला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते ब्वेनोस आयरिसच्या रिव्हर प्लेटकडे गेले. इथून प्रशिक्षकही वरच जातात. संघ बायर्न प्रांताच्या गटात खेळू लागला. बुखबाखसारखी छोटी गावे, डाखाउजवळचे काही शे वस्तीचे पिपिन्सरीड, मैदानाला लागून शेते, कुंपणाला टेकून उभे असलेले गावकरी. म्युनिकमध्येच जन्मलेला अलेक्सांडर पाव्लोविच अशा मैदानांवर मधल्या फळीत खेळत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पहिल्या संघाकडून बुंडेसलिगात उतरला, पुढच्या जूनमध्ये जर्मनीकडून, आणि छोट्या बायर्नला मधल्या फळीत नवा मुलगा शोधावा लागला.