ग्रामीण गृहकर्ज, अमेरिकेतील

ग्रामीण काउंटीत घर विकत घेऊ वा बांधू पाहणाऱ्या, पण नेहमीच्या बँकेच्या दारातून परत आलेल्या कुटुंबांना दीर्घ मुदतीचे तारणकर्ज मिळावे यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उभी राहिलेली व्यवस्था. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या पाचव्या प्रकरणातील कलम ५०२ हा तिचा कणा होय. तिचा कारभार गृहनिर्माण खात्याकडे नसून कृषी खात्याकडे आहे. काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय घटक; देशात असे ३,१०० हून अधिक घटक आहेत. बहुतेक राज्यांत जमिनीचे दस्त काउंटीच्याच दप्तरी नोंदले जातात, त्यामुळे गृहकर्जाच्या व्यवहारात काउंटीचे कार्यालय टाळता येत नाही. कर्जापासून वंचित राहिलेल्यांत मूलनिवासी जमाती, दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबे, ॲपालाचियन डोंगरपट्ट्यातील रहिवासी, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या ‘कोलोनिया’ वस्त्यांतील लोक आणि शेतमजूर हे प्रमुख गट मानले जातात.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९१६ च्या संघीय शेतीकर्ज कायद्यापर्यंत मागे नेतात. त्या कायद्याने बारा भूमी बँका स्थापन झाल्या व शेतकऱ्याला जमीन गहाण ठेवून लांब मुदतीचे कर्ज मिळू लागले. मात्र तेथे तारण होते ते शेताचे. घर त्यात आलेच तर शेतावरील एक बांधकाम म्हणून. दुसरा पक्ष मंदीच्या काळाकडे बोट दाखवतो. १९३५ मध्ये रेक्सफर्ड टगवेल यांच्या नेतृत्वाखाली पुनर्वसन प्रशासन निघाले. १९३७ च्या बँकहेड-जोन्स कायद्याने कुळांना शेत विकत घेण्यासाठी ३ टक्के व्याजाने ४० वर्षांचे कर्ज देऊ केले, आणि त्याच वर्षी ते काम शेती सुरक्षा प्रशासनाकडे गेले. शेताबरोबर घराची दुरुस्ती वा बांधणीही या कर्जातून होत असे. पुढच्या योजनेचा सांगाडा, म्हणजे अल्प व्याज, लांब मुदत आणि कर्जदाराला स्थानिक अधिकाऱ्याचे मार्गदर्शन, येथेच तयार झालेला दिसतो. म्हणून हे मत सहज बाजूला सारता येत नाही.

तरीही आरंभ १९४९ मध्ये धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १५ जुलै १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगले घर व राहण्याजोगा परिसर मिळावा, हे राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून मांडले. घरासाठी, घर हेच प्रयोजन धरून, ग्रामीण माणसाला सरकारी कर्ज देण्याची तरतूद त्यातच प्रथम स्वतंत्रपणे आली. अंमल १९४६ मध्ये स्थापन झालेल्या फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशनकडे सोपवण्यात आला. अर्थात या कायद्यालाही मर्यादा होती. सुरुवातीची काही वर्षे कर्ज मिळे ते शेतमालकालाच. शेती नसलेल्या ग्रामीण रहिवाशांना, म्हणजे गिरणीकामगार, शिक्षक, खाणकामगार यांना, दार उघडले ते १९६१ च्या दुरुस्तीने. ग्रामीण ‘गृहकर्ज’ या अर्थाने १९६१ हेच खरे वर्ष मानावे असेही म्हणता येईल. ही दुरुस्ती अनेक आढाव्यांत एका ओळीत आटोपली जाते. तिचे महत्त्व त्याहून बरेच मोठे आहे.

शहरी गृहकर्जाच्या इतिहासात १९३० च्या दशकातील ‘लाल रेषां’चा, म्हणजे काही वस्त्या धोकादायक ठरवणाऱ्या नकाशांचा, नेहमी उल्लेख येतो. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे हे नकाशे दोनशेहून अधिक शहरांचे होते. खेड्यांचे असे नकाशे काढलेच गेले नाहीत. म्हणून कर्ज नाकारण्याचे मूळ अशा नकाशांत शोधणारा सिद्धांत जसाच्या तसा ग्रामीण भागाला लावणे योग्य नव्हे. १९३४ च्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाची तारणविमा योजना खेड्यांना कायद्याने बंद नव्हती. पण ती खाजगी सावकारी संस्थांमार्फत चाले, आणि रस्ता, पाणी व सांडपाणी यांचे तिचे निकष दूरच्या वस्तीला सहसा पुरे करता येत नसत.

‘ग्रामीण’ची व्याख्या : कर्ज मिळणार की नाही हे बऱ्याचदा अर्जदाराच्या उत्पन्नाआधी घराच्या ठिकाणावर ठरते. १९६० च्या दशकाच्या आरंभी ही मर्यादा २,५०० लोकवस्तीपर्यंत होती. १९६५ मध्ये ती ५,५०० झाली, १९७० मध्ये १०,०००. १९७४ पासून महानगरक्षेत्राबाहेरील २०,००० पर्यंतच्या गावांनाही ती लागू झाली. तेथे तारणकर्जाची गंभीर टंचाई असल्याचे मात्र ठरलेले असावे लागते. पूर्वीपासून पात्र असलेल्या गावांची वस्ती वाढली तरी त्यांना वगळू नये म्हणून वेळोवेळी सवलत दिली गेली, आणि २०१४ च्या शेती कायद्याने अशा गावांसाठी कमाल मर्यादा ३५,००० केली. याउलट सांख्यिकीत संपूर्ण काउंटी ‘महानगरी’ वा ‘बिगर-महानगरी’ ठरवण्याची पद्धत आहे. तिची अडचण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटीत स्पष्ट दिसते. सुमारे ५२,००० चौ. किमी. क्षेत्राची ही काउंटी बहुतांश वाळवंट आहे, तरी नैर्ऋत्य कोपऱ्यातील शहरांमुळे ती सबंध महानगरी गणली जाते. ॲरिझोनातील कोकोनिनो काउंटीत ग्रँड कॅन्यन आहे, पण फ्लॅगस्टाफमुळे तीही महानगरीच. काउंटीऐवजी जनगणनेचा लहान गट हे एकक धरावे, हे मत अलीकडे बळावत असून वाळवंटातील वा डोंगरातील अर्जदारावर त्यात कमी अन्याय होतो.

कर्जाचे प्रकार : कलम ५०२ खाली दोन प्रकारची कर्जे आहेत. थेट कर्ज सरकार स्वतः देते. ते परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी असून अन्यत्र वाजवी अटींवर कर्ज मिळत नाही हे त्यासाठी दाखवावे लागते. पदरची रक्कम घालण्याची सक्ती नाही. मुदत ३३ वर्षे. उत्पन्न फारच कमी असल्यास ३८ वर्षांपर्यंत. १९६८ च्या कायद्याने व्याज-सवलत आणली, त्यामुळे कर्जदाराला प्रत्यक्ष पडणारा दर १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. समजा, कर्ज दीड लाख डॉलरचे व दर ५ टक्के आहे. ३३ वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता ७७४ डॉलरच्या आसपास बसतो. १ टक्का दराने तोच हप्ता सुमारे ४४५ डॉलर होतो व मुदत ३८ वर्षे केल्यास सुमारे ३९५. मालमत्ता कर व विमा वेगळा. कुटुंब त्या घरात टिकते की नाही, हे बहुधा या फरकावरच ठरते. ही सवलत निव्वळ देणगी मात्र नव्हे. १ ऑक्टोबर १९७९ नंतरच्या कर्जांत घर विकल्यावर वा सोडल्यावर सवलतीचा काही भाग घराच्या वाढलेल्या किमतीतून परत घेतला जातो. अर्जाच्या वेळी हे कलम नीट समजावून सांगणे अत्यावश्यक आहे, कारण त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी, घर वारसांच्या हाती आल्यावर दिसतो.

दुसरा प्रकार हमीकर्जाचा. १९९० च्या क्रॅन्स्टन-गोन्झालेझ कायद्याने तो रूढ झाला. कर्ज बँक देते व सरकार ९० टक्क्यांपर्यंत हमी घेते. उत्पन्नाची मर्यादा मध्यकाच्या ११५ टक्के व मुदत ३० वर्षे असते. आज बहुसंख्य कर्जे याच प्रकारची आहेत. थेट कर्जाचा निधी दरवर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीवर अवलंबून असल्याने तो आक्रसत गेला. १९७३ च्या जानेवारीत निक्सन प्रशासनाने गृहनिर्माण अनुदाने स्थगित केली, तेव्हा ग्रामीण व्याज-सवलतही थांबली होती. १९९४ च्या पुनर्रचनेत फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन बरखास्त होऊन हे काम ग्रामीण गृहनिर्माण सेवेकडे आले. हमीकर्जाने आकडे वाढतात, पण अगदी तळाच्या उत्पन्नगटाला त्याचा उपयोग थोडा, कारण त्यात व्याज-सवलत नसते.

कलम ५०४ खाली अत्यल्प उत्पन्नाच्या घरमालकांना दुरुस्तीसाठी १ टक्का दराचे कर्ज किंवा, वय ६२ वा त्याहून अधिक असल्यास, अनुदान मिळते.

परस्पर-स्वावलंबन गृहबांधणी : कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, गोशेन या वस्तीत, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सेवा समितीच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या आरंभी शेतमजूर कुटुंबांनी कलम ५०२ चे कर्ज घेऊन एकमेकांची घरे बांधली. त्यातूनच १९६५ मध्ये व्हिसेलिया येथे सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस ही संस्था निघाली. पद्धत अशी : शेजारच्या भूखंडांवरील काही कुटुंबांचा गट करतात. बांधकामातील सुमारे ६५ टक्के श्रम कुटुंबांनी करायचे. नोकरीचे तास संपल्यावर व सुट्टीच्या दिवशी पाया खणणे, भिंतींचे लाकडी सांगाडे उभे करणे, छत घालणे, रंगकाम ही कामे होतात. वीज व नळजोडणीसारखी कामे परवानाधारक कारागिराकडे जातात. गटातील सगळी घरे पुरी होईपर्यंत कोणीही राहायला जायचे नाही, असा दंडक आहे. श्रमाचे मोल घराच्या किमतीत धरले जात असल्याने कर्जाची रक्कम कमी होते. गटाला लागणारा देखरेख्या व तांत्रिक साहाय्य यांचा खर्च कलम ५२३ मधून भागतो.

जमिनीचा कागद : ग्रामीण अर्ज फेटाळले जाण्याची कारणे सांगताना अपुरे उत्पन्न व कमी पतगुण यांवर भर दिला जातो. ती कारणे खरी आहेत. पण वंचित गटांच्या बाबतीत खरी अडवणूक जमिनीच्या हक्काची आहे. कर्जदार फेडीला समर्थ असूनही तारण उभे राहत नाही. मूलनिवासींच्या राखीव क्षेत्रात ती सर्वांत तीव्र आहे. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामूहिक जमीन व्यक्तिगत तुकड्यांत वाटली गेली. १८८७ मध्ये सुमारे १३.८ कोटी एकर असलेली त्यांची जमीन १९३४ पर्यंत सुमारे ४.८ कोटी एकरांवर आली. त्या वर्षीच्या कायद्याने वाटप थांबले व उरलेली जमीन संघसरकारच्या विश्वस्त ताब्यात कायम राहिली. या तरतुदीने जमीन वाचली, पण ती विकता वा सहजी गहाण टाकता येईना. घर बांधणाऱ्याला जमातीकडून भाडेपट्टा घ्यावा लागतो, तो इंडियन अफेअर्स ब्युरोने, म्हणजे संघसरकारच्या मूलनिवासी-व्यवहार कार्यालयाने, मान्य करावा लागतो आणि जमिनीवरील हक्क व बोज्यांचा अधिकृत उतारा त्याच ब्युरोकडून यावा लागतो. बँक हा उतारा हाती पडल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि तो येण्यास महिनोन् महिने लागल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. १९९२ मध्ये वेगळ्या कायद्याने आलेल्या कलम १८४ च्या कर्जहमीने बँकेची भीती काहीशी कमी केली. कर्ज थकल्यास पट्टा बाहेरच्याला न देता आधी जमात वा तिचा सदस्य यांनाच देऊ करावा लागतो. २०१२ च्या हार्थ कायद्याने जमातींना स्वतःचे पट्टानियम मंजूर करून घेतल्यावर ब्युरोच्या प्रत्येक सहीची गरज उरली नाही. २०१८ मध्ये नॉर्थ व साउथ डकोटा राज्यांत जमातींच्या पतसंस्थांना कलम ५०२ चा निधी देऊन त्यांनीच कर्ज वाटावे असा प्रयोग सुरू झाला. जमिनीची गुंतागुंत जाणणारा माणूसच कर्ज देणारा असावा, हे त्यामागील तत्त्व अगदी रास्त आहे.

दक्षिणेत प्रश्न वारसाहक्काच्या जमिनीचा आहे. मृत्युपत्र न करता मालक वारला की जमीन सर्व वारसांच्या सामाईक मालकीत जाते. दोन-तीन पिढ्यांत हिस्सेदार डझनावारी होतात. सातबाऱ्यावर नावे वाढत जावीत आणि वाटप कधी होऊ नये, तशीच ही अवस्था. प्रत्यक्ष तेथे राहणाऱ्याला कर्ज हवे असेल तर शिकागो, डेट्रॉइटला गेलेल्या चुलतभावांच्याही सह्या लागतात. शिवाय एकाच हिस्सेदाराचा वाटा विकत घेऊन बाहेरचा माणूस न्यायालयामार्फत सगळी जमीन विक्रीला काढू शके. २०१० चा नमुना वाटप कायदा स्वीकारणाऱ्या राज्यांत आता इतर हिस्सेदारांना तो वाटा घेण्याची आधी संधी मिळते.

टेक्ससच्या कोलोनियांत भूखंड हप्त्यांवर विकले जात, पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत खरेदीखत होत नसे व एखादा हप्ता चुकला तरी भूखंड हातचा जाई. १९९५ च्या राज्यकायद्याने अशा व्यवहारांवर निर्बंध आणले.

कारखान्यात तयार होऊन चाकांवरून येणारे घर हा ग्रामीण भागातला परवडणारा पर्याय. जमिनीपासून वेगळे नोंदले गेल्यास ते जंगम मालमत्ता ठरते. मग कर्ज वाहनकर्जासारखे, चढ्या दराचे व कमी मुदतीचे मिळते. १५ जून १९७६ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय बांधणीमानकापूर्वीची घरे तर बहुतेक योजनांबाहेरच राहतात.

मूल्यांकन हाही एक अडसर आहे. घराची किंमत ठरवताना जवळपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तीन तरी घरांशी तुलना करण्याची रीत आहे. विरळ वस्तीत तशी विक्री वर्ष-वर्ष होत नाही. मूल्यांकनकार लांबून येतो, त्याचे शुल्क जास्त पडते व विहिरीच्या पाण्याची आणि सेप्टिक टाकीची तपासणी वेगळी करावी लागते. लहान रकमेच्या कर्जात एवढा खर्च बँकेला परवडत नाही.

भेदभाव : आरंभीच्या काळात अर्जदाराची पात्रता ठरवण्यात स्थानिक काउंटी समित्यांचा हात असे. नागरी हक्क आयोगाने १९६५ च्या अहवालात कृषी खात्याच्या कार्यक्रमांत, फार्मर्स होम धरून, कृष्णवर्णीयांना मिळणारी दुय्यम वागणूक नोंदवली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्याविरुद्ध केलेला व १९९९ मध्ये तडजोडीने मिटलेला पिगफर्ड दावा शेतीकर्जांपुरता होता, गृहकर्जांचा नव्हे. दोहोंची गल्लत अनेकदा होते. १९७७ चा सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा बँकेला तिच्या शाखांभोवतीच्या परिसराशी बांधतो. जेथे शाखाच नाही, तेथे त्याचा धाक पोचत नाही.

दुय्यम बाजार व मध्यस्थ संस्था : २००८ च्या कायद्याने बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्थांवर तीन वंचित बाजारांची सेवा करण्याचे कर्तव्य घातले, ग्रामीण गृहनिर्माण हा त्यांपैकी एक. २०१६ च्या नियमांनी मध्य ॲपालाचिया, मिसिसिपीचा खालचा त्रिभुज प्रदेश, कोलोनिया व चिरदारिद्र्याच्या काउंट्या हे अधिक गरजेचे प्रदेश म्हणून वेगळे काढले. या प्रदेशांत प्रत्यक्ष अर्ज तयार करून घेण्याचे काम केंटकीतील बरिया येथील फाहे यांसारख्या बिगर-नफा संस्थांचे जाळे करते. १९७१ पासून कार्यरत असलेली हाउसिंग असिस्टन्स कौन्सिल ही त्यांना निधी व माहिती पुरवणारी राष्ट्रीय संस्था आहे.

शेतमजूर : हाही गट २०१६ च्या नियमांत नोंदला आहे. हंगामी व फिरते उत्पन्न असल्याने मालकीच्या घराचे कर्ज त्यांच्यापैकी थोड्यांनाच मिळते. तात्पुरत्या परवान्यावर आलेले परदेशी मजूर थेट कर्जास पात्र नाहीत. शेतमजुरांच्या वस्तीसाठी कलम ५१४ व ५१६ खाली भाड्याची घरे बांधण्यास कर्ज व अनुदान दिले जाते.