टायफॉइडच्या जंतूतली बेटं आणि प्लास्मिड: आजारी कोण पाडतं, औषध कोण हरवतं?

पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईतल्या लॅबमधून ब्लड कल्चरचा रिपोर्ट येतो: साल्मोनेला टायफी (टायफॉइडचा जंतू), आणि खाली तीन-चार औषधांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट: औषध लागू पडत नाही. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “म्हणजे जंतू फारच जहाल आहे का?” तो ‘आर’ जहालपणाबद्दल काहीच सांगत नाही. आजारी पाडण्याची हत्यारं टायफीत बहुतेक पॅथोजेनिसिटी आयलंडवर, म्हणजे रोगकारक जनुकांच्या बेटांवर असतात. औषध हरवणारी जनुकं बरेचदा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळांवर असतात. दोन्ही बाहेरून आलेली, म्हणून गल्लत होते.

बेट हा गुणसूत्राचाच भाग. टायफीचं गुणसूत्र सुमारे 48 लाख बेसजोड्यांचं (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या), त्यात जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण सरासरी 52 टक्के. पहिल्या क्रमांकाच्या बेटावर ते 42च्या आसपास घसरतं; पाहुणा ओळखण्याची ही पहिली खूण. बरीच बेटं टीआरएनएच्या (प्रथिन बनवायला अमिनो आम्ल आणणाऱ्या रेणूच्या) जनुकाला चिकटून बसतात, काहींच्या दोन्ही टोकांना सारखे छोटे क्रम असतात आणि जवळ इंटिग्रेजचं (डीएनए गुणसूत्रात घुसवणाऱ्या एन्झाइमचं) जनुक असतं. बेटाला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. गुणसूत्राची प्रत निघते तेव्हाच त्याचीही निघते.

पहिली दोन बेटं प्रत्येकी सुमारे 40 हजार बेसजोड्यांची. पहिल्यावरची यंत्रणा आतड्याच्या पेशीत प्रथिनं टोचून जंतूला आत घुसवते, दुसरीमुळे तो मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशीच्या) आत तग धरतो. सातवं बेट चांगलं 1 लाख 34 हजारांचं, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, कारण ‘व्हीआय’ या बाहेरच्या आवरणाची जनुकं त्यावर आहेत. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस (आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) द्यायला घेतली. ती लस याच आवरणाविरुद्ध आहे. पॅराटायफी-ए (पॅराटायफॉइडचा एक जंतू) मध्ये हे बेटच नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलालाही पॅराटायफॉइड होऊ शकतो. त्यात लसीचा दोष नाही.

लॅबमध्ये हेच आवरण आडवं येतं. ताजी वसाहत ओ-9 अँटीसीरमबरोबर (टायफीच्या पृष्ठभागावरचं ओ अँटिजेन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रावाबरोबर) स्लाइडवर गुठळी धरत नाही, कारण ओ अँटिजेन व्हीआयखाली झाकलेलं असतं. अशा वेळी ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होऊ नये. आवरण निघावं म्हणून सलाइनमधलं दाट सस्पेन्शन उकळत्या पाण्यात 15 मिनिटं ठेवून, थंड करून पुन्हा तपासावं. उलट बाजूही आहे: वारंवार सबकल्चर केलेल्या (नव्या प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवलेल्या) स्ट्रेनमधून, म्हणजे वाणातून, सातवं बेट कधी कधी निखळून जातं आणि व्हीआय कायमचं निगेटिव्ह होतं. संदर्भ स्ट्रेन सारखा प्लेटवरून प्लेटवर न चालवता गोठवून ठेवावा, तो म्हणूनच.

प्लास्मिड मात्र स्वतंत्र वर्तुळ. प्रती काढायला सुरुवात कुठून करायची ते त्याचं त्यालाच ठाऊक. जिनोम 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनामच्या सीटी-18 स्ट्रेनमध्ये 2 लाख 18 हजार बेसजोड्यांचं एक प्लास्मिड आहे. इन्क-एचआय-1 या प्लास्मिड-गटाचं, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल तिन्ही निकामी करणारं. या गटाची गंमत अशी की ते एका जंतूतून दुसऱ्यात 22 ते 30 अंशांना झपाट्याने जातं, 37 अंशांना जवळजवळ नाहीच. प्रयोगाच्या प्लेट सवयीने 37 च्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, की ‘प्लास्मिड हस्तांतरित होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष हाती येतो. प्लास्मिड वेगळं काढायच्या नेहमीच्या मिनिप्रेप किटनेही एवढं मोठं वर्तुळ सहसा धड निघत नाही, तुटतं.

आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे दिसणाऱ्या ‘आर’चा संबंध बहुधा या दोहोंशी नसतोच. तिथे गुणसूत्रावरच्या जायरेजच्या (हे औषध ज्यावर घाव घालतं त्या एन्झाइमच्या) जनुकात एखाद-दुसरं अक्षर बदललेलं असतं.

‘बेट म्हणजे जहालपणा, प्लास्मिड म्हणजे रेझिस्टन्स’ हे समीकरण पाठ करू नये. शिगेलाची (हगवणीच्या जंतूची) पेशीत घुसण्याची यंत्रणा सुमारे 2 लाख 20 हजारांच्या प्लास्मिडवर असते. ते गळालं की काँगो रेड हा रंग घातलेल्या प्लेटवर लाल वसाहतींऐवजी पांढऱ्या उगवतात. सातव्या बेटावर प्लास्मिडसारखी हस्तांतराची जनुकं आहेत, त्यामुळे शॉर्ट-रीड सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए छोट्या तुकड्यांत वाचताना) त्याचा तुटका तुकडा सॉफ्टवेअर प्लास्मिड समजू शकतं. बाजूला टीआरएनए आणि गुणसूत्राचा ओळखीचा भाग सापडतो का, ते बघावं. शंका राहिलीच तर लाँग-रीड (लांब तुकड्यांचं वाचन) करून वर्तुळ बंद होतं का, ते तपासावं.

सिंधमध्ये 2016 पासून पसरलेल्या एक्सडीआर (बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या) टायफीत औषध हरवणारी जनुकं प्लास्मिडवर आणि गुणसूत्रावर, दोन्हीकडे दिसतात. सेफ्ट्रियाक्सोन निकामी करणारं जनुक इन्क-वाय प्लास्मिडवर, तर जुन्या तीन औषधांना हरवणारी जनुकं गुणसूत्रात जाऊन बसलेली. हे प्लास्मिड गेलं तर सेफ्ट्रियाक्सोन पुन्हा चालेल, क्लोरॅम्फेनिकॉल नाही. आणि कॉन्जुगेट लस या जंतूवरही लागू पडली, कारण व्हीआयचं बेट जागच्या जागी होतं.